जादा ड्रायव्हर

"परदेशात गाडी भाड्याने घ्यायची आहे रे, डेबिट कार्ड चालेल ना?"

हा प्रश्न गेल्या दोनेक वर्षांत मला निदान पंधरा जणांनी विचारला असेल. आमच्या टीममध्ये स्कॉटलंडात गाडी चालवून आलेला मी एकटाच, त्यामुळे या विषयातला तज्ज्ञ अशी माझी उगाचच ख्याती झाली आहे. दर वेळी कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत तेच पुराण लावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं, म्हणून आजचा शनिवार.

तर छोटं उत्तर : चालेलही कदाचित, पण त्या भरवशावर विमानात बसू नका.

मोठं उत्तर जरा लांब आहे आणि त्यात माझे बाबा आहेत.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. महाड डेपो, एकतीस वर्षं. आंबेनळी आणि वरंधा हे दोन्ही घाट त्यांना आपल्या घराच्या जिन्यासारखे पाठ. पावसाळ्यात, धुक्यात, मागे पन्नास माणसं आणि टपावर कोंबड्यांच्या टोपल्या अशी गाडी त्यांनी हाकली आहे. विनाअपघात सेवेबद्दल मिळालेला बिल्ला आमच्या कपाटात आईच्या शालूखाली आहे. २०२० मध्ये ते निवृत्त झाले. २०२४ मध्ये कंपनीने मला तीन महिन्यांसाठी एडिंबराला पाठवलं, तेव्हा मे महिन्यात आई-बाबांना बोलावून घेतलं. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास.

बाबांनी निघण्यापूर्वी एकच अट घातली. "तिकिटं तू काढलीस, ठीक आहे. फिरण्याचा खर्च माझा." आणि माणूस बोलून थांबला नाही. बँकेत जाऊन, फॉर्म भरून, स्वतःच्या नावाचं फॉरेक्स कार्ड काढून त्यावर दीड हजार पौंड भरून आला. निवृत्तीच्या पैशांतले. दीड लाखाच्या वर रुपये झाले. ज्या माणसाने आयुष्यात हॉटेलात चहासुद्धा हिशेब करून प्यायला, त्याने.

आमचा बेत साधा होता. एडिंबराहून आगगाडीने इन्व्हर्नेसला जायचं, तिथून पाच दिवस गाडी घ्यायची आणि लॉख नेसच्या काठाने स्काय बेटावर जाऊन परत यायचं. तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. ग्रेट ब्रिटनमध्ये पाहुण्या माणसाला स्वतःच्या देशाच्या लायसनवर बारा महिन्यांपर्यंत कार चालवता येते, त्यामुळे आपलं इंग्रजी अक्षरांतलं लायसन पुरतं. तरी काही भाड्याच्या कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात म्हणून आम्ही दोघांनीही तो काढला होता. आरटीओकडे अर्ज करून मिळतो, एक वर्ष चालतो, आणि १९४९ च्या जिनिव्हा करारामुळे तो बाहेर मानला जातो. मूळ लायसन सोबत नसेल तर मात्र त्याला रद्दीइतकीच किंमत, हे लक्षात ठेवा.

मी बुकिंग माझ्या नावाने केलं होतं आणि का, तेही बाबांना फोनवर सांगितलं होतं. "मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, बाबा." ते हो म्हणाले होते. पण काउंटरवर पोचल्यावर त्यांनी खिशातून ते निळं फॉरेक्स कार्ड काढलंच. "विचारून बघायला काय जातंय?"

मी विचारलं. काउंटरवरचा तरुण अतिशय सभ्य होता. त्याने कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि सांगितलं, की प्रीपेड कार्डवर डिपॉझिट घेता येत नाही. मग मी माझं क्रेडिट कार्ड दिलं. त्याने बाराशे पौंडांचा होल्ड टाकला. बाबांनी हळू आवाजात विचारलं, "किती?" मी म्हटलं, "सव्वा लाख." आई म्हणाली, "अगंबाई, विकत घेतोयस की काय!"

आता गंमत बघा. बाबांच्या कार्डावर त्या क्षणी दीड हजार पौंड होते, रोख, कष्टाचे. माझ्या खात्यात घराचा हप्ता आणि भाडं जाऊन चाळीस हजार रुपये उरले होते. गाडी चालवण्याचा माझा अनुभव चार वर्षांचा, तोही बहुतेक हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. पण गाडी मला मिळाली. बाबांचं नाव दिवसाला बारा पौंड जादा भरून खाली दुसऱ्या ओळीत लागलं.

बाबांकडे पैसे होते, पत नव्हती. माझ्याकडे पत होती, पैसे नव्हते.

बाबांनी कार्ड पाकिटात ठेवलं, पाकीट खिशात. मला म्हणाले, "गणपतीत जादा गाड्या सोडतात ना, तसा मी जादा ड्रायव्हर." हसले. आम्हीही हसलो. पण ते कार्ड त्यांनी परत ठेवलं तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला होता, आणि तो मला नंतर बरेच दिवस आठवत राहिला.

त्या तरुणाची काही चूक नव्हती. नियमामागचं लॉजिक समजून घेतलं तर ते चोख आहे. अनोळखी माणसाला लाखो रुपयांची गाडी द्यायची, तो पाच दिवसांनी किल्ली ठेवून दुसऱ्या खंडात निघून जाणार. वेगमर्यादा मोडल्याची दंडाची नोटीस येते काही आठवड्यांनी. ओरखडा, कमी भरलेलं पेट्रोल, उशीर, सगळ्याचा हिशेब मागून होतो. प्रीपेड कार्डावर आज दीड हजार असतील, उद्या ते शून्यही करता येतात. क्रेडिट कार्डाच्या मागे मात्र एक बँक उभी असते. आपल्या जुन्या भाषेत सांगायचं तर बँक तुम्हाला जामीन राहिलेली असते. काउंटरवरचा माणूस तुमचे पैसे बघतच नाही, तो तुमचा जामीनदार कोण आहे ते बघतो.

ही काही साहेबाने लावलेली नवी टूम नाही. आपल्याकडे हुंड्या चालत होत्याच की. पुण्यात पेढीवर पैसे भरायचे, कागद घेऊन काशीला जायचं आणि तिथल्या पेढीवर पैसे उचलायचे. दर्शनी हुंडी दाखवली की लगेच पैसे, मुदतीची हुंडी ठरलेल्या दिवसांनी, आणि शाहजोग हुंडीचे पैसे फक्त बाजारात पत असलेल्या माणसाच्या हाती. रोकड घेऊन फिरण्यात काय धोका होता ते 'माझा प्रवास'वाल्या गोडसे भटजींना विचारा. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेलेल्या त्या बिचाऱ्याला वाटेत नागवलं गेलं. पुढे १८९१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसने ट्रॅव्हलर्स चेक काढला, १९५० मध्ये डायनर्स क्लबचं कार्ड आलं. कागद बदलला, प्लास्टिक आलं, पण प्रश्न तोच : परमुलखात तुमच्यासाठी कोण बोलणार?

असो. गाडीकडे वळू.

पार्किंगमध्ये गाडी दाखवायला एक मुलगी आली. तिने किल्ली आणि ओरखड्यांचा कागद माझ्या हातात दिला. मी सही करणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब." आणि मग त्यांनी डेपोतून गाडी बाहेर काढण्यापूर्वी एकतीस वर्षं जे केलं तेच सुरू केलं. गाडीभोवती एक फेरी. चारही टायर हाताने चाचपले. मला आत बसवून हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, वायपर लावायला लावले. खाली वाकून तेल गळतंय का ते बघितलं. स्टेपनी आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर हवा भरायचा पंप कुठे आहे ते बघून घेतलं. आणि डाव्या मागच्या चाकाच्या रिमवर बोट ठेवून म्हणाले, "हे कागदावर आहे का विचार."

नव्हतं. बोटभर लांब खरचटलेलं, फुटपाथला घासल्यासारखं. मुलीने वाकून बघितलं, कागदावर लिहिलं, सही केली. मी फोटो आणि एक व्हिडिओ काढून ठेवला. ती जाताना बाबांकडे बघून मला म्हणाली, "हे याच धंद्यातले आहेत का?" मी म्हटलं, "हो." बाबांना भाषांतर करून सांगितलं. काही बोलले नाहीत, पण सीटबेल्ट लावताना ताठ बसले होते. :)

पहिले दोन तास मी चालवली. लॉख नेस संपलं, रस्ता डोंगरात शिरला. स्कायचा पूल ओलांडला (१९९५ चा आहे, टोल २००४ मध्ये बंद झाला, हे ऐकून बाबांना आपल्याकडच्या एक्स्प्रेसवेची आठवण झाली) आणि ब्रॉडफर्डला चहासाठी थांबलो. तिथून एल्गोलला जाणारा रस्ता एकेरी आहे. म्हणजे वन-वे नव्हे, दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच गाडीच्या रुंदीत. थोड्या थोड्या अंतरावर बाजूला जरा फुगीर जागा केलेली असते, समोरून गाडी आली की जो जवळ असेल त्याने तिथे थांबायचं. जागा आपल्या डावीकडे असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून पुढच्याला आत येऊ द्यायचं. चढणीवर असलेल्याला शक्य तिथे वाट द्यायची. मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्यायचं. आणि तिथे गाडी उभी करून फोटो काढत बसायचं नाही.

मी हे सगळं बाबांना वाचून दाखवत होतो. ते म्हणाले, "हे मला शिकवतोस? दे इकडे किल्ली."

मंडळी, पुढचा पाऊण तास मी आयुष्यभर विसरणार नाही. एका बाजूला खडक, एका बाजूला पाणी, मध्ये मेंढ्या रस्त्यात बसलेल्या. आणि बाबा असे चालवत होते, की आईला मागच्या सीटवर डुलकी लागली. वळणापलीकडे गाडी आहे हे त्यांना आधी कसं कळायचं कोण जाणे. एकदा समोरून एक मोठी व्हॅन आली आणि तिचा चालक गोंधळून मध्येच थांबला. बाबांनी शंभरेक फूट रिव्हर्स घेतली, आरशात बघत, एका हाताने, आणि फुगीर जागेत गाडी अशी लावली की व्हॅन आरामात गेली. त्या चालकाने हात वर केला. बाबांनीही केला. तिथे सगळे तसा हात करतात. बाबा म्हणाले, "घाटात आम्ही लाइट मारायचो. भाषा तीच."

त्या रस्त्यावर कोणीही क्रेडिट कार्ड मागितलं नाही.

एका घराच्या फाटकाशी लाकडी कपाट दिसलं म्हणून थांबलो. आत घरगुती केकचे तुकडे, अंडी, एक गल्ला आणि किमतीची चिठ्ठी. माणूस नाही, कॅमेरा नाही. तिथे त्याला प्रामाणिकपणाची पेटी म्हणतात. बाबांनी इकडेतिकडे बघितलं. "आणि कोणी पैसे न टाकता नेलं तर?" उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हतंच. त्यांनी खिशातली दोन-दोन पौंडांची नाणी काढली, मोजून टाकली, केक घेतला. आईने वर आणखी एक नाणं टाकलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "विश्वास टाकलाय ना त्यांनी."

म्हणून पहिला व्यावहारिक सल्ला : कार्डाचा कितीही गवगवा असला तरी थोडी रोकड हवीच. डोंगराळ भागात मोबाइलची रेंज जाते, रेंज गेली की कार्डाचं मशीन मुकं होतं. एटीएमही लांब लांब. शंभर-दीडशे पौंड आणि मूठभर नाणी जवळ असू द्या. बाबांचं फॉरेक्स कार्ड इथे कामाला आलं. एटीएम, जेवण, पेट्रोल, राहणं, सगळं त्यावर. ठरल्याप्रमाणे खर्च त्यांनीच केला.

इन्व्हर्नेसच्या एटीएममधून नोटा आल्या तेव्हा आई म्हणाली, "या व्यापारातल्या नोटांसारख्या दिसतायत." तिला हातात प्रत्येक नोट वेगळी दिसत होती. कारण स्कॉटलंडमध्ये तीन व्यापारी बँका स्वतःच्या नोटा छापतात : बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक. पौंड तोच, किंमत तीच. पण लंडनमधला एखादा दुकानदार त्या घेताना कपाळाला आठ्या घालतो आणि आपल्याकडचे मनी चेंजर तर खळखळ करतातच. तेव्हा त्या तिथेच संपवून या. आणि शेजारच्या काकांनी जुन्या ट्रिपमधले कागदी वीस किंवा पन्नास पौंड दिले तर आनंदून जाऊ नका. बँक ऑफ इंग्लंडच्या त्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घ्याव्या लागतात. शेवटी नोट म्हणजेसुद्धा कोणीतरी दिलेलं वचनच. आपल्या नोटेवरही गव्हर्नरसाहेब धारकाला वचन देतातच की.

आता कार्डांचं गणित, पटापट :

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतंच सुरू असतं. हे लोक काउंटरवर उभं राहून शोधतात, तेही ओटीपी यायला भारतातलं सिम रोमिंगवर नसताना.

मशीनने विचारलं, "रुपयांत की पौंडांत?" तर डोळे मिटून पौंड. रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून गोड वाटतो, पण तो दर समोरचा ठरवतो आणि त्यात त्याचा वाटा घालतो. वर काही भारतीय बँका त्या व्यवहारावरही वेगळं शुल्क लावतात.

बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय चलनासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप असतो आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे दहा हजारांच्या खर्चावर ३५० अधिक ६३, एकूण ४१३ रुपये. तेव्हा रोजच्या खर्चाला फॉरेक्स कार्ड आणि जामिनाला क्रेडिट कार्ड, अशी कामाची वाटणी करा. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड मात्र काढू नका, व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

होल्ड म्हणजे पैसे गेले असं नाही. बँक तुमच्या लिमिटमधली तेवढी रक्कम बाजूला काढून तिला कुलूप लावते. त्यामुळे लिमिट अडीच लाख आणि होल्ड सव्वा लाख असेल तर पुढचे काही दिवस तुमचं कार्ड अर्धंच आहे असं धरा. डेबिट कार्डावर हेच झालं तर खात्यातले खरे पैसे अडकतात. ज्या पैशांत पुढचे पाच दिवस जेवायचं, तेच. काउंटरवर डिपॉझिट कमी करणारा जास्तीचा विमा विकतात. मी तसा विमा आधीच बाहेरून स्वस्तात घेतला होता. त्यात नुकसान झालं तर आधी आपण भरायचं आणि मग विमा कंपनीकडून वसूल करायचं, म्हणून होल्ड पूर्ण बाराशेचा पडला.

आणि सगळी कार्डं एका पाकिटात नकोत. माझी आजी पंढरपूरला जाताना थोडे पैसे कनवटीला, थोडे पिशवीत आणि थोडे बरोबरच्या बाईकडे ठेवायची. रिस्क मॅनेजमेंटचा यापेक्षा चांगला फंडा मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळाला नाही.

आई-वडिलांनाच गाडी नावावर घ्यायची असेल, तर मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड आधी काही महिने काढून ठेवा. ज्यांनी जन्मात कर्ज घेतलं नाही त्यांच्याबद्दल बँकेच्या कॉम्प्युटरकडे काहीच माहिती नसते. आपण ज्याला सरळ व्यवहार म्हणतो, त्याला ते कोरा कागद समजतात.

पाचव्या दिवशी इन्व्हर्नेसला गाडी परत केली. टाकी काठोकाठ भरून, पावती जपून. या वेळी तपासणीला दुसराच माणूस होता. तो भराभर फिरला आणि डाव्या मागच्या चाकाशी थांबला. वाकला. पेन काढलं. मी फोन काढून फोटो शोधेपर्यंत बाबांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद त्याच्यापुढे धरला होता, नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवून. त्याने वाचलं, सही बघितली, मान डोलावली. मला वाटतं, माझ्या पतीवर मिळालेली गाडी बाबांच्या सवयीवर परत गेली.

दोन दिवसांनी आई-बाबा भारतात परतले. महाडहून रोज रात्री फोन यायचा. जेवलास का, थंडी आहे का, आणि मग बाबांचा ठरलेला प्रश्न, "सुटले का रे पैसे?" मी सांगायचो, बाबा, वेळ लागतो. गाडीची कंपनी, तिची बँक, कार्डाचं नेटवर्क, आपली बँक, असा कागद फिरत येतो. ते "बरं" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

अकराव्या दिवशी ॲपमध्ये लिमिट पूर्ण दिसलं. मीच फोन लावला. "सुटले, बाबा."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही.

"म्हणजे गाडीला काही झालं नव्हतं, हे त्यांना आज पटलं," बाबा म्हणाले. "मी तर त्याला तिथेच कागद दाखवला होता."

आणि त्यांनी फोन आईकडे दिला.